शिंगाला बांधलेला वाक

माझ्या एका अर्जामुळे दोन बैल मेले आणि एक सरळ माणूस बाजारातून उठला. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढे त्या माणसाच्या तऱ्हा सांगू लागलो की मी त्यांचा कुणी जिवलग होतो असं वाचणाऱ्याला वाटेल. मी त्यांचा कुणी नव्हतो. मी ढोरबाजाराचा मुन्शी होतो.

बैलांची वर्णनं मला अजून पाठ आहेत, कारण ती मीच लिहिली होती. एक पांढरा, चार दाती, शिंगं मागे वळलेली, उजव्या कानाला चीर. दुसरा भुरा, चार दाती, कपाळावर चांदवा, शेपटीचा गोंडा काळा. मालकीणबाई त्यांना नावांनी हाक मारायची. ती नावं मी विचारली नाहीत. पावतीवर नावाला जागा नव्हती.

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. गोंडपिपरीच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे, एका गावाबाहेरच्या माळावर दर सोमवारी ढोरांचा बाजार भरायचा. काटेरी कुंपण, मध्ये दोन मोहाची झाडं आणि एक दगडी ओटा. त्या ओट्यावर बसून विकलेल्या प्रत्येक जनावराची पावती लिहायची, हे माझं काम. विकणारा कोण, घेणारा कोण, जनावराचा रंग, दात, शिंगं, खुणा. ती पावती असल्याशिवाय जंगलाच्या नाक्यावरून ढोर पुढे जात नसे.

मी चोवीस वर्षांचा होतो, वर्ध्याकडचा. दिवाळीनंतर रुजू झालो. माझ्या आधीच्या मुन्शीनं चोरीच्या बैलाची पावती लिहिली म्हणून त्याची नोकरी गेली होती. चार्ज देताना तो एवढंच म्हणाला, "हे सगळे मिळून आहेत बघा. ढोर बोलत नाही, आणि ही माणसं तर त्याहून बोलत नाहीत." ते वाक्य मी गाठीला बांधलं. ओट्यावर बसलो की मला समोर ढोरं दिसायची नाहीत, फक्त खुणवाखुणवी दिसायची.

आणि सगळ्यांत जास्त खुणवाखुणवी होती ती भाऊंकडे.

त्यांचं नाव लिहीत नाही. बाजार त्यांना भाऊ म्हणायचा, मीही तेच म्हणतो. ते दलाल होते. साठीच्या आसपासचे, वाळलेले, उंच. अंगात कुठल्याशा लढाईतून वाचलेला खाकी कोट, उन्हाळा असो की हिवाळा. कोटाला एकच बटन उरलं होतं, आणि छातीवर दलालीचा पितळी बिल्ला. त्या दोघांवर कोट तगून होता. खांद्यावर मळकट दुपट्टा. तो ते कधी धूत नसत. "धुतला का भाव धुऊन जाते," म्हणायचे.

ढोरबाजारात भाव तोंडानं होत नाही. दलाल दुपट्टा टाकतो, त्याखाली घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात घेतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. बाहेरच्याला काही कळत नाही. सगळेच दलाल असं करत, पण भाऊंनी आकडा तोंडातून काढायचंच सोडून दिलं होतं. बाजाराबाहेरही. वेळ विचारली तर हात धरून बोटं दाबायचे. हॉटेलात चहा सांगायचा तर हॉटेलवाल्याचा हात धरायचे, आणि तो ओरडायचा, "भाऊ, दोन कप म्हणा न सरळ! हात जळला न माझा!"

एकदा मी सहज विचारलं, "भाऊ, मुलं किती तुम्हाला?" त्यांनी माझा हात दुपट्ट्याखाली घेतला, चार बोटं दाबली, आणि मग त्यांतलं एक हळूच सोडून दिलं. पुढे विचारायचं मला धाडस झालं नाही.

आज हे लिहिताना मला त्यात एका बापाचा हात आठवतो. तेव्हा मात्र मी ओट्यावर परत येऊन विचार केला होता, ज्याला एवढी साधी गोष्टही उघड बोलता येत नाही, तो काय काय लपवत असेल?

जनावराच्या पोटाला कान लावून ते बराच वेळ उभे राहायचे. बैलाच्या नाकाशी नाक नेऊन श्वास घ्यायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसून काय राह्यला बे? तुह्या तोंडाचा वास घेऊ का?" आणि त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाईक बैल पाहत असताना हे बाजूला उभे राहून त्याच बैलाची अब्रू काढत. "हे घ्यापरीस बाज घ्या जी. बसाले तरी येईन." किंवा, "नांगराले जुपा याले. आपुन सावलीत बसन अन् तुमालेच ओढाले लावन." विकणाऱ्यासाठी उभा राहिलेला दलाल मालाची निंदा करतो, हे मी कुठे पाहिलं नव्हतं. ते सगळ्याच जनावरांच्या बाबतीत असं करत नाहीत हे लक्षात यायला मला वेळ लागला.

त्या वर्षी पाऊस भादव्यातच संपला होता. धान ओंबीत भरायच्या आत करपलं. ढोरांना घालायला तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मिळेना. माघ लागला तसे लोक घरावरचं जुनं गवत काढून ढोरांपुढे टाकू लागले. बाजारात ढोरं दुपटीनं येऊ लागली आणि घेणारे कमी झाले. दिवाळीत अडीचशेला गेलेल्या जोडीसारखी जोडी होळीला ऐंशीला कुणी विचारेना.

विचारत ते सिरोंच्याच्या वाटेनं येणारे व्यापारी. ते सकाळी बाजारात शिरत, एक फेरी मारत आणि झाडाखाली पत्ते खेळत बसत. पाण्यावाचून उन्हात उभं असलेलं ढोर मान टाकू लागलं, मालकाचा चेहराही तसाच झाला, की दुपार टळल्यावर उठत. मग मागतील तो भाव. त्यांनी नेलेली ढोरं कळप करून गोदावरीकडे चालत जायची. ती परत आलेली कुणी पाहिली नव्हती.

याच दिवसांत मला तो वाक दिसला. पळसाच्या मुळ्या ठेचून जो चिवट धागा काढतात, त्याला तिकडे वाक म्हणतात. काही जनावरांच्या डाव्या शिंगाच्या बुडाशी त्याचा एक पेड बांधलेला असायचा. सहज न दिसणारा. मी लक्ष ठेवू लागलो. वाक बांधलेलं जनावर नेहमी भाऊंच्या हातून जायचं. भाऊ त्याचीच निंदा करायचे. ते अर्ध्याहून कमी भावात जायचं, आणि घेणारा नेहमी नदीपलीकडच्या जंगलातल्या गावचा गोंड माणूस असायचा. बाकीचा एकही दलाल त्या जनावराला हात लावायचा नाही.

मी बाजारच्या चपराशाला विचारलं, "तो वाक कशाला बांधतात रे?"

"बांधते जी."

"अरे, पण कशाला?"

"ढोर होय मुन्शीबाबू. बांधाच लागते." आणि तो घागर घेऊन निघून गेला.

आणखी दोघांना विचारलं. एकजण हसला, दुसऱ्यानं माझ्या गावाकडच्या पावसाची चौकशी केली. मी ओट्यावर गेलो की माणसं बोलणं थांबवत. माझी खात्री होत चालली होती. वाक ही चोरांची खूण होती. चोरीचं जनावर ओळखू यावं, दुसऱ्यानं त्यात पडू नये, मातीमोल भावात ते नदीपार जंगलात नाहीसं व्हावं. आणि या सगळ्याच्या पावत्या माझ्या हातच्या. आधीच्या मुन्शीची नोकरी कशी गेली ते मला दिसू लागलं.

चैतातल्या एका सोमवारी ती जोडी आली. बाई चाळिशीची असेल. मोह वेचताना अस्वलानं नवऱ्याला फाडलं होतं, तेव्हापासून शेती तीच करायची. बैलांच्या फासळ्या दिसत होत्या, पण नजर तरतरीत होती. दोघांच्या डाव्या शिंगाला वाक.

पत्त्यांवरून एक व्यापारी उठून आला. भाऊ आडवे आले.

"कायले पायता जी? दात हाललेत याचे. अन् हा भुरा, हा रातभर खोकलते. बाईले झोप नाई."

बाई लगेच म्हणाली, "नाई त काय! लेकराले झोप नाई, सासूले झोप नाई."

व्यापारी निघून गेला. थोड्या वेळानं भाऊंनी दुपट्टा टाकला. त्याखाली बाईचा हात आणि डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या एका गोंड शेतकऱ्याचा हात. व्यवहार झाला. तिघं पावतीला आली तेव्हा मी ओट्यावरून उतरलो आणि दोन्ही बैलांची तोंडं उघडून पाहिली. चार चार दात, पक्के.

भाऊंना बाजूला घेतलं. "दात हलत नाहीत भाऊ. मी बघितलेत."

"पायले का? चांगलं केलं. मुन्शीनं पायलेच पायजे."

"मग खोटं का बोललात?"

त्यांनी दुपट्टा खांद्यावर सारखा केला. "पाऊस पडू द्या. मंग इचारा मले. सारं सांगतो."

"आत्ता का नाही?"

"आता तुमच्या हाती टाक हाय न," ते म्हणाले. "आयकाल ते लिवाल."

मला ती सरळ धमकावणी वाटली. मी ओट्यावर जाऊन सांगितलं, वर्णन तपासायचं आहे, पावती पुढच्या बाजारी मिळेल. पावतीशिवाय नाका ओलांडता येईना. बाई बैल परत घेऊन गेली. जाताना म्हणाली, "मुन्शी, आठ दिवस काय खाऊ घालू यायले? तुमची पावती?"

त्या आठवड्यात मी अर्ज लिहिला. आयुष्यात एवढं चांगलं मी कधीच लिहिलं नाही. वाक, भाव, नदीपारचे खरेदीदार, बाजाराचं मौन, सगळं एकाखाली एक. अर्ज वाचून तहसिलीचे साहेब पुढच्या सोमवारी दोन शिपाई घेऊन आले.

वाक बांधलेली पाच जनावरं कोंडवाड्यात न्यायला बाजूला काढली गेली, ती जोडी त्यांतच. मी ब्लेडनं एकेका शिंगाचा वाक कापला आणि पुरावा म्हणून कागदात बांधला. भुऱ्यानं मान हलवली तेव्हा माझं बोट कापलं. तेही मी कोणाला तरी दाखवलं.

साहेबांनी भाऊंना विचारलं, "दात हललेत म्हणालात की नाही?"

"म्हटलं जी."

"खरं होतं?"

"नाई. खोटं बोललो."

"कोणासाठी?"

तो गोंड शेतकरी पुढे आला. "साहेब, आमी त फकत..." भाऊंनी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "गप राय." मग साहेबांपुढे हात जोडले. "मले नेऊन बसवा जी, कुठीबी. ढोरं तेवढी जंगलात जाऊ द्या. इथी मरतीन."

साहेबांनी हात पुढे करून बिल्ला ओढला. तो कोटाच्या कापडासकट निघाला. बाजार भरलेला होता, आणि एकही माणूस बोलला नाही. कोट भाऊंच्या अंगावर उघडा पडला, एका बटनावर. बाई मात्र ओरडत होती. "अवो मुन्शी, कोंडवाड्यात गवताची काडी नाई! तुमी पायलं का जाऊन? पायलं का?"

मी पाहिलं नव्हतं. ती टोळीतलीच आहे, म्हणून ओरडते, असं मला वाटलं.

कोंडवाड्यात खरोखरच काही नव्हतं. चारा मंजूर व्हायचा होता. बाई रोज चार कोस चालून पळसाचा पाला डोक्यावर आणायची, तो पाच जनावरांत वाटला जायचा. पांढरा अकराव्या दिवशी बसला, तो उठला नाही. भुरा आणखी पाच दिवस उभा होता. पंचनामा लिहायला मलाच बोलावलं. मी तेच वर्णन पुन्हा लिहिलं. कपाळावर चांदवा. शेपटीचा गोंडा काळा. चार दाती.

चौकशीत काही निघालं नाही. पाचही जनावरांना खरे मालक होते, कुणाचंही काही चोरीला गेलं नव्हतं. उरलेली तीन सोडून दिली. भाऊंचा बिल्ला परत मिळाला नाही, कारण खोटं बोललो हे त्यांनी स्वतः कबूल केलं होतं.

मग मृग लागला. पेरणीच्या आधीच्या सोमवारी मी ओट्यावर बसलो होतो, आणि नदीकडून माणसं येताना दिसली. जंगलातल्या गावांतले गोंड शेतकरी, प्रत्येकाच्या हाती कासरा. माझ्या अर्जाच्या आधी पलीकडे गेलेली ती ढोरं होती. त्यांची वर्णनं मला पाठ होती, पण ओळखायला वेळ लागला. अंग भरलेलं, कातडी चकचकीत. डाव्या शिंगाला वाळून काळा पडलेला वाक. कुंपणाशी जुने मालक उभे होते. एक म्हातारा आपल्या बैलाच्या गळ्यात पडून त्याला शिव्या देत होता, "लठ झाला बे तू! वयखत नाईस का आता?" ज्या भावात गेली त्याच भावात ढोरं परत घेतली जात होती. गोंड माणसानं वाक सोडून खिशात ठेवला की व्यवहार संपला.

चपराशी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. आता पाऊस पडला होता, म्हणून बोलला असेल.

"पाहुणे ढोरं होत ते मुन्शीबाबू. इथी चारा नाई, तिथी गवत अन् झरा हाय. चार महिने ते खाऊ घालते, गाडीले जुपते, पेरणीले वापस देते. नाक्यावर पावती मांगते म्हून इकल्यावानी करा लागते. वाक दिसला का दुसऱ्यानं बोली लावाची नाई."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी सरकार होय न जी. पावती खोटी म्हणून त्या गोंडालेच धरलं असतं तुमी. अंगठा त्याचा होता. व्यापाऱ्याले हाकलाले भाऊच लागे. त्यायच्यासारकी निंदा कोणालेच येत नाई."

मी दिवाळीनंतर आलो होतो. मी तिथला पावसाळा पाहिलाच नव्हता.

तेवढ्यात बाई ओट्यापाशी आली. तिच्यामागे तो फडकंवाला शेतकरी, आपल्या घरचा एक तांबडा गोऱ्हा घेऊन. पेरणीपुरता तो तिला देत होता. तिनं गोऱ्ह्याचं तोंड माझ्यापुढे उघडलं.

"दात पाहून घ्या मुन्शी," ती म्हणाली. "हालते का?"

सहा महिन्यांनी मी बदली मागून घेतली. अर्जाबद्दल माझ्या कागदांत चांगला शेरा पडला होता. पुढे बढतीच्या वेळी तो कामाला आला, हेही लिहून टाकतो. भाऊंना मी पत्रं लिहिली आणि पाठवली नाहीत. त्यांना वाचता येत नव्हतं, ती कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवली असती, याची मला भीती होती. आता मी बेचाळीस वर्षांचा आहे, मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगतो, आणि दर वेळी त्या माणसाचं "खोटं बोललो" कानात वाजतं.

गेल्या उन्हाळ्यात गेलो. एस.टी.नं गोंडपिपरी, पुढे पायी. भाऊ अंगणात बाजेवर बसले होते. पार खंगलेले. अंगात तोच कोट, बिल्ल्याच्या जागी फाटलेलं तसंच. सुनेनं पाणी आणून दिलं. बिल्ला गेल्यापासून ते कुंपणाच्या आत पाऊल टाकत नाहीत, तिनं सांगितलं. दर सोमवारी जातात आणि बाहेर, रस्त्याच्या कडेला बसतात. लोक येऊन विचारतात, ते मान हलवतात. दुपट्टा पुन्हा कुणाच्या हातावर टाकला नाही.

त्यांनी मला ओळखलं. बराच वेळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "मुन्शी. पाऊस पडला का?"

"पडला भाऊ. तेव्हाच पडला."

"किती साल झाले?"

मी तोंड उघडलं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मांडीवर टाकला. मी त्याखाली हात घातला आणि त्यांची बोटं दाबली. पाचही, तीन वेळा. मग तीन.

"लय झाले," ते म्हणाले.

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. म्हणालो, भाऊ, माझं चुकलं. त्यांनी पाय बाजेवर ओढून घेतले.

"इथी नाई. इथी कोण हाय? सून अन् कोंबड्या. बिल्ला काढला तवा बाजार भरला होता न?"

"हो."

"भाव दुपट्ट्याखाली करा लागते, मुन्शी. हे नाई." मग दुपट्टा खांद्यावर टाकत, "अन् बाईले इचारलं का?"

सोमवारपर्यंत मी तिथेच राहिलो. बाई बाजारात बकरी विकायला आली होती. केस पांढरे झाले होते. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "वयखलं. बोटाले लागलं होतं तुमच्या." मी तिला बैलांची नावं विचारली. ती बकरीची दोरी हाताला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग तिनं नावं सांगितली.

ओटा तसाच होता. नवा मुन्शी बाजूला सरला. कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला खाकी कोट दिसत होता. मी उभा राहिलो तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. खालून एकजण म्हणाला, "हा काय इकून राह्यला जी?" दुसरा म्हणाला, "पाय न, रिकामाच हाय." लोक हसले, आणि हसल्यामुळे वळले. कुंपणाबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी बोललो.

"मी या बाजाराचा मुन्शी होतो. भाऊ चोर आहेत असा अर्ज मी केला होता. ते चोर नव्हते. या बाजारात कुणीच चोर नव्हता. मला काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी लिहिलं. ते जनावरं वाचवायला खोटं बोलले, मी खरी वर्णनं लिहून ती मारली. पांढऱ्याचं नाव ढवऱ्या होतं. भुऱ्याचं नाव चांद्या होतं. बाई, भाऊ, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."